चरा आणि झिलई

मौल्यवान मनगटी घड्याळ विकत घेणाऱ्या मनुष्याच्या तोंडी पहिल्या वर्षाच्या आतच जो प्रश्न येतो तो घड्याळ मागे पडते की पुढे जाते याविषयीचा नसून, 'याला चरा पडला आहे, पॉलिश करून घ्यावे काय?' असा असतो. आणि या प्रश्नाचे उत्तर दुकानात बहुधा 'ठेवून जा, नवे करून देतो' एवढ्या आश्वासनावर आटोपते. हे आश्वासन खोटे असते असे नव्हे. परंतु नवेपणा कोठून आणला जातो आणि त्याची भरपाई कोणत्या खात्यातून होते, हा तपशील त्यात सांगितलेला नसतो. तो तपशील समजावून घेण्यास चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल, कारण घड्याळावर चरा पाडणारे द्रव्य आणि तो चरा नाहीसा करणारे द्रव्य ही दोन्ही येथल्याच जमिनीत आहेत, आणि घड्याळाच्या काचेला चऱ्यापासून वाचविणारे द्रव्य येथून फक्त एक नदी ओलांडली की सापडते.

१. चरा पाडतो कोण?

फ्रीडरिख मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 साली खनिजांची एक उतरंड लावून दिली, ती आजही वापरात आहे. तिचा नियम एका वाक्यात सांगता येतो: कठीण पदार्थ मऊ पदार्थावर ओरखडा काढतो, मऊ पदार्थ कठीणावर काढू शकत नाही. या उतरंडीत शंखजिऱ्याला 1 आणि हिऱ्याला 10 हा क्रमांक आहे. घड्याळाच्या पोलादी केसचा, म्हणजे बाहेरील कवचाचा, कठीणपणा पाच-साडेपाचच्या आसपास, साध्या काचेचा तितकाच किंवा किंचित अधिक, अठरा कॅरट सोन्याचा तीन ते चार, आणि जुन्या घड्याळांच्या प्लास्टिकच्या काचेचा तीनच्या जवळपास भरतो. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, हिचा क्रमांक मात्र 7 आहे, आणि वैनगंगेच्या पात्रातील रेती बहुतांशी गारगोटीचीच असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चंद्रपुरात घड्याळ खराब झाले की त्याचा दोष कोळशाच्या माथी मारण्याची वहिवाट आहे. वास्तविक कोळसा हा उतरंडीत दोन-अडीचच्या वर जात नाही. त्याने मनगट काळे होईल, पट्ट्याच्या सांध्यांत काजळी बसेल, परंतु पोलादावर रेघ उमटणार नाही. रेघ उमटते ती कोळशाबरोबर उडणाऱ्या वालुकाश्माच्या चुऱ्याने, औष्णिक वीजकेंद्राच्या राखेत शिल्लक राहिलेल्या गारगोटीच्या कणांनी आणि रेतीच्या ट्रकांमागे उठणाऱ्या धुळीने. दुर्गापूर-पद्मापूरच्या उघड्या खाणींजवळून ताडोबाच्या मोहर्ली फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्याने उन्हाळ्यात प्रवास करणाऱ्या गृहस्थाच्या डोक्याभोवती गुंडाळलेल्या पांढऱ्या दुपट्ट्यात ही धूळ भरपूर साठलेली असते. आणि मुक्कामी पोहोचल्यावर घामाने ओले झालेले घड्याळ त्याच दुपट्ट्याच्या टोकाने, मोठ्या ममतेने, तो पुसून काढतो. ताडोबाच्या उघड्या जिप्सीच्या लोखंडी दांड्यावर मनगट आपटून पडणारा मोठा चरा लोकांच्या लक्षात राहतो, पण घड्याळाची चमक घालविणाऱ्या सहस्र बारीक रेघा या पुसण्यातून आलेल्या असतात.

२. चरा डोळ्यांना का दिसतो?

चंद्रपूरच्या रामाळा तलावाचे पाणी वारा पडलेल्या सकाळी, आणि जलपर्णीने कृपा करून मोकळे सोडलेल्या भागात, काठावरील झाडांचे बिंब जसेच्या तसे दाखविते. त्याच पाण्यावर बारीक लाटा उठल्या की पाणी तेच असूनही बिंब मोडते आणि नुसती पांढुरकी लकाकी उरते. धातूच्या पृष्ठभागाचे हेच आहे. गुळगुळीत पृष्ठावरून प्रकाशाचे किरण एकाच शिस्तीने परततात म्हणून तो आरशासारखा दिसतो. चऱ्याच्या काठावरून ते भलत्याच दिशेला फेकले जातात म्हणून चरा पांढरा चमकतो.

चांगल्या घड्याळाच्या केसवर मात्र दोन प्रकारचे पृष्ठभाग एकमेकांशेजारी जाणूनबुजून ठेवलेले असतात. एक आरशासारखा चकचकीत; दुसरा एकाच दिशेने ओढलेल्या अत्यंत बारीक समांतर रेघांचा, ज्याला कारागीर ब्रश फिनिश म्हणतात. या दोहोंच्या सीमेवर जो तीक्ष्ण कंगोरा असतो तो राखण्यातच केस घडविणाऱ्याचे कसब असते, आणि घड्याळाच्या किमतीचा एक बरा हिस्सा त्या कसबासाठी दिलेला असतो. रेघारी पृष्ठावर रेघांच्याच दिशेने पडलेला चरा त्या गर्दीत लपून जातो. आडवा पडलेला मात्र लांबून दिसतो. चरा खोल आहे की उथळ, यापेक्षा तो कोणत्या दिशेने गेला आहे यावर त्याचे दिसणे अनेकदा अवलंबून असते, हे लक्षात घेतले म्हणजे निम्मी अस्वस्थता तेथेच कमी होते.

३. चऱ्यातला धातू कोठे जातो?

सामान्य समजूत अशी की चरा पडला म्हणजे तेवढा धातू निघून गेला. पोलाद किंवा सोने यांसारख्या चिवट धातूंच्या बाबतीत ही समजूत बरीचशी चुकीची आहे. रेतीचा कण धातूत रुततो आणि पुढे सरकतो तेव्हा तो मधला धातू बहुतांशी दोन्ही अंगांना ढकलतो. भिंगातून पाहिल्यास चरीच्या दोन्ही काठांवर उचललेले बारीक बांध दिसतात. म्हणजे धातू केसवरच असतो, जागा मात्र बदललेली असते.

आता झिलईचा विचार करू. चरा बुजविता येत नसल्यामुळे कारागीर चऱ्याच्या तळापर्यंत भोवतालची सगळी जमीन खाली आणतो. प्रथम ते दोन बांध जातात, आणि उथळ ओरखडा असेल तर तेवढ्यावरच काम भागते. परंतु खोल चरा असल्यास त्याच्या आसपासचा निर्दोष धातूही त्याच्याबरोबर खर्ची पडतो. चऱ्याने नेले त्यापेक्षा चरा घालविण्याने अधिक नेले, असा हा हिशेब आहे.

एका सोन्याच्या घड्याळावर तो मांडून पाहू. चरा 0.02 मिलिमीटर खोल आहे, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका. केसचा झिलई द्यावयाचा पृष्ठभाग 10 चौरस सेंटिमीटर धरू. सर्व पृष्ठ तेवढे खाली आणावयाचे तर 0.02 घन सेंटिमीटर धातू जाईल. अठरा कॅरट सोन्याचे वजन घन सेंटिमीटरला सुमारे साडेपंधरा ग्रॅम भरते, तेव्हा गेलेले सोने झाले सुमारे 0.31 ग्रॅम, जुन्या मापाने अडीच गुंजा. सराफी पेठेतील राखमाती धुऊन त्यातून सोने काढणाऱ्या झारेकऱ्यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या कशावर चालला, याचे उत्तर या अडीच गुंजांत आहे.

पोलादाच्या घड्याळात वजनाची फिकीर करण्याचे कारण नाही. तेथे नुकसान आकाराचे होते. समजा, केसच्या कडेवर 45 अंशांत उतरविलेला कंगोरा आहे आणि वरून पाहता त्याची रुंदी अर्धा मिलिमीटर दिसते. वरचा आणि बाजूचा पृष्ठभाग प्रत्येक झिलईत 0.02 मिलिमीटरने खाली गेला तर कंगोऱ्याची रुंदी दोन्हीकडून मिळून 0.04 ने घटते. पाच झिलयांनंतर ती 0.3 वर येते. ही घट शिस्तीने काम करणाऱ्या कारागिराच्या हातची. बेशिस्त हातात कंगोरा पहिल्याच खेपेस गोल होतो, आणि तो का होतो हे पुढील कलमात सांगावयाचे आहे.

४. लाल भुकटी आणि फिरती चकती

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात जे लोहखनिज आहे त्याला हेमॅटाइट म्हणतात. दगड म्हणून ते काळसर-करडे दिसले तरी त्याची पूड तांबडी असते, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते लोह आणि प्राणवायू यांचे संयुग आहे. सोनार ज्या लाल रंगाच्या वडीने दागिन्याला शेवटची झिलई देतात, ज्या वडीला बाजारात रूज म्हणतात, तिच्यातील काम करणारा अंश हेच संयुग आहे. सुरजागडचा दगडच वडीत घालतात असे मात्र कोणी समजू नये. वडीतील पूड कारखान्यात रासायनिक क्रियेने तयार करतात आणि तिचे कण अतिशय सूक्ष्म असतात. कठीणपणाच्या उतरंडीत हे खनिज सहाच्या आसपास असूनही त्याच्या पुडीने सोन्यावर डोळ्यांना दिसेल असा ओरखडा पडत नाही, याचे कारण कणांची बारीकी: ओरखडा पडतोच, पण तो इतका लहान असतो की प्रकाशाची शिस्त मोडण्यास असमर्थ ठरतो. झिलई म्हणजे ओरखड्यांचा अभाव अशी कल्पना असते. वस्तुतः ती अदृश्य ओरखड्यांची गर्दी आहे.

झिलईच्या टप्प्यांच्या क्रमास फार महत्त्व आहे. खोल चरा प्रथम भरड द्रव्याने काढावा लागतो. त्या भरड द्रव्याच्या रेघा मध्यम द्रव्याने, आणि त्याच्या रेघा लाल पुडीने. दोन टप्प्यांच्या मध्ये केस साबणाच्या पाण्याने स्वच्छ न धुतल्यास भरड कण पुढच्या टप्प्यात शिरतात आणि केलेले काम मातीमोल करतात. घाईच्या कारागिराकडे हे धुणेच प्रथम गाळले जाते.

आता बफची चकती. सुती कापडाचे अनेक थर शिवून केलेली ही चकती विजेच्या मोटारीवर मिनिटास सुमारे 2800 फेऱ्यांनी फिरते. तिच्यावर सपाट पृष्ठभाग धरला तर कापड त्याला सर्वत्र सारखे लागते. परंतु कडेशी येताच कापड वाकते, कडेला कवटाळते आणि तेथे दाब वाढतो. म्हणून कापडी चकतीवर सर्वांत आधी झिजतो तो नेमका कंगोराच. हे टाळण्यासाठी कसबी कारागीर सपाट भागांसाठी ताठ, न वाकणारी चकती घेतात, रेघारी भाग फीत चिकटवून झाकून ठेवतात, चकचकीत भाग उरकल्यावर चकचकीताला फीत लावून मग रेघा पुन्हा ओढतात. जिल्ह्याच्या गावी घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे हा सरंजाम बहुधा नसतो. तो घड्याळ शेजारच्या सराफाच्या बफवर नेतो, आणि अंगठीला जे शोभते तेच घड्याळालाही शोभेल अशा प्रांजळ समजुतीने संपूर्ण केस आरशासारखी करून आणतो. गिऱ्हाईक खूश होते. मूळ आकार मात्र गेलेला असतो.

याहून अनिष्ट गोष्ट म्हणजे घड्याळ न उघडता तसेच चकतीवर धरणे. घर्षणाने केस हाताला चटका बसण्याइतकी तापते, आतील वंगण आणि रबराचे कडे यांना ती उष्णता मानवत नाही. चावीच्या दांड्याजवळच्या फटीतून लाल चिखल आत शिरतो. आणि मोटारीचे चुंबकत्व व हादरे यांचा केसासारख्या बारीक स्प्रिंगवर परिणाम होऊन घड्याळ पुढे पळू लागते. यंत्र बाहेर काढल्यावाचून केसला हात लावणारा कारागीर कितीही नावाजलेला असला तरी त्याच्या हाती घड्याळ देऊ नये.

५. मुलाम्याचा फसवा प्रदेश

'सोन्याचे घड्याळ' या नावाने घरोघरी जपलेली बरीच घड्याळे पितळेवर मुलामा दिलेली असतात. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांगतात, आणि कित्येक स्विस घड्याळांच्या पाठीवर ती कोरलेलीही असते. वरच्याच उदाहरणातील 20 मायक्रॉनचा चरा 10 मायक्रॉनच्या मुलाम्यावर पडला तर तो मुलामा भेदून पितळेपर्यंत पोहोचलेला आहे हे उघड आहे. अशा केसवर झिलई दिल्यास चरा जाईल, आणि त्याच्याबरोबर सोनेही जाईल.

बंगळूरच्या कारखान्यात 1961 पासून, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, निघू लागलेल्या एचएमटी घड्याळांपैकी अनेकांच्या केस पितळेवर क्रोमचा पातळ थर दिलेल्या आहेत. पाठीवर 'स्टेनलेस स्टील बॅक' अशी अक्षरे असल्यास त्यांचा अर्थ काटेकोरपणे घ्यावा: पोलाद फक्त पाठीस आहे. निवृत्तीच्या दिवशी वनखात्यातल्या किंवा कोळसाखाणीतल्या वडिलांना मिळालेले असे घड्याळ चमकविण्यासाठी बफवर दिले की कडांवर पिवळे पितळ उघडे पडते. आणि पाठीवर नाव व तारीख कोरलेली असेल तर तीही पुसट होते. ते अक्षर म्हणजे त्या घड्याळाचा दस्तऐवज. पॉल न्यूमन या अमेरिकन नटाचे रोलेक्स डेटोना 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरांवर गेले, त्याच्या पाठीवर पत्नीने कोरून घेतलेला 'गाडी जपून चालव' अशा आशयाचा मजकूर होता. कोणी हौसेने ती पाठ घासून लख्ख केली असती तर घड्याळाच्या खरेपणाचा मोठा पुरावा नाहीसा झाला असता.

६. काच

सिरोंचा तालुक्याच्या पूर्वेस इंद्रावती ओलांडली की छत्तीसगडातील भोपालपट्टनमचा मुलूख लागतो, आणि त्या भागात कुरुंद सापडतो. मोह्सच्या उतरंडीत कुरुंदाचा क्रमांक 9 आहे. त्याच्या वर केवळ हिरा. माणिक आणि नीलमणी हे या कुरुंदाचेच रंगीत व पारदर्शक अवतार होत. आजच्या उंची घड्याळांवर जी 'सफायर काच' असते ती काच नसून कृत्रिम रीतीने वाढविलेला रंगहीन कुरुंद असतो. ऑगस्त व्हेर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ॲल्युमिनियमच्या भस्माची पूड प्रखर ज्योतीतून खाली सोडून त्यापासून स्फटिक वाढविण्याची रीत 1902 साली जाहीर केली, तेव्हापासून हा स्फटिक कारखान्यात बनू लागला.

वैनगंगेची सातव्या पायरीवरची रेती नवव्या पायरीवरच्या कुरुंदाचे काहीही करू शकत नाही. सफायरवर ओरखडे दिसत असल्यास ते बहुधा तिच्यावर दिलेल्या चकाकी-विरोधी पातळ लेपावरचे असतात, किंवा एखाद्या धातूचा घासलेला अंश वर बसलेला असतो. खरोखरच चरा पडला असेल तर घरगुती उपाय नाही, काच बदलावी. साध्या खनिज काचेसही हाच न्याय.

प्लास्टिकची काच मात्र मऊ असते, आणि मऊ असल्यामुळेच बरी होते. तिचा आणखी एक गुण म्हणजे ती फुटून तिचे तुकडे उडत नाहीत. चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या ओमेगा स्पीडमास्टरवर तीच होती. कठीणपणा आणि चिवटपणा हे निरनिराळे गुण आहेत, हे विसरल्याने पुष्कळांची फसगत होते. राडो कंपनीने 1962 साली टंगस्टन कार्बाइडच्या केसचे डायास्टार काढले, आणि 'ओरखडा न पडणारे घड्याळ' म्हणून आपल्याकडे त्याची मोठी ख्याती झाली. ओरखडा न घेणारे असले कठीण पदार्थ फरशीवर आपटले तर पोलादासारखे पोचे घेत नाहीत, त्यांचा टवका उडतो किंवा ते तडकतात.

काच वाचविण्याची एक निराळीच युक्ती हिंदुस्थानच्या मैदानावर सुचली असे सांगतात. 1930 च्या सुमारास येथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अंमलदारांच्या घड्याळांच्या काचा खेळात फुटत. सेझार द त्रे या व्यापाऱ्याच्या कानी ती तक्रार गेली, आणि काच मनगटाकडे उलटी फिरवून पोलादी पाठ बाहेर आणता येईल अशा घड्याळाचे पेटंट 4 मार्च 1931 रोजी पॅरिसमध्ये दाखल झाले. तेच रिव्हर्सो. त्याची कोरी पाठ मालकाचे नाव कोरण्यास उपयोगी पडू लागली.

७. घरी काय करावे?

पुसण्यापूर्वी धुवावे. पाणीरोधक घड्याळ असल्यास चावी पूर्ण आत बसल्याची खात्री करून कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश यांनी धुळीचे कण आधी वाहून जाऊ द्यावेत. मग स्वच्छ सुती कापडाने टिपावे. जुन्या, पाणी न सोसणाऱ्या घड्याळावरची धूळ प्रथम फुंकून काढावी आणि मग जेमतेम ओलसर कापडाने पुसावे. पोलादी पट्ट्यातली धूळ आठवड्यास एकदा काढली तरी पट्ट्याचे सांधे दीर्घकाळ सैल होत नाहीत, कारण सांधे झिजविणारी गारगोटीही त्या धुळीतच असते.

प्लास्टिकच्या काचेवरचे बारीक ओरखडे दातांच्या पांढऱ्या पेस्टने जातात. केस आणि काच यांच्या सांध्यावर फीत लावून, कापडावर वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन पाच मिनिटे हलक्या हाताने, एकदा आडवे व एकदा उभे घासावे आणि ओलसर कापडाने पुसून पाहावे. खोल चऱ्यासाठी आधी 2000 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून वापरावा लागतो. त्याने काच दुधाळ होते, तेव्हा घाबरून न जाता पुढे पेस्ट चालू ठेवावी.

धातूच्या केसला घरी हात लावू नये. भांडी घासण्याच्या हिरव्या घासणीने ब्रश फिनिशच्या रेघा ओढता येतात असे सांगणारे भेटतात. त्या घासणीत बहुधा कुरुंदाचीच पूड असते, आणि ती शेजारच्या चकचकीत भागावर एकदा जरी सरकली तरी त्याचा इलाज मोठ्या कारखान्यातच होतो.

८. घड्याळ हवाली करताना

झिलई कधीच देऊ नये असा आमचा पक्ष नाही. रोज वापरातले, विकण्याचा विचार नसलेले, भरीव पोलादाचे घड्याळ आठ-दहा वर्षांतून एकदा, अधिकृत केंद्रात, सफाईने झिलई करून घेण्यास हरकत नाही. खोल घाव असलेल्या मौल्यवान केसवर लेझरने त्याच धातूची भर घालून मग आकार देणारे कारागीर आता आहेत. ते काम महाग असते, पण त्यात वजा होण्याऐवजी भर पडते. जुने, नाव कोरलेले किंवा मुलाम्याचे घड्याळ मात्र आहे तसे ठेवावे. जुन्या घड्याळांचे जाणकार संग्राहक झिलई न दिलेल्या, कंगोरे शाबूत असलेल्या केसला अधिक किंमत देतात, आणि त्यांचा व्यवहार भावनेवर चालत नाही.

एक सावधगिरी अखेरीस सांगितली पाहिजे. घड्याळाचे यंत्र साफ करण्यासाठी अधिकृत केंद्रात दिले असता पुष्कळ कंपन्यांच्या संपूर्ण सर्व्हिसमध्ये केसची झिलई आपोआप समाविष्ट असते. मालकाने मागितली नाही तरी ती केली जाते, आणि एकदा केल्यावर परत घेता येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीहून असे घड्याळ बहुधा नागपूर किंवा मुंबईला पार्सलाने जाते, तेव्हा तोंडी सांगण्यावर विसंबू नये. घड्याळाचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, आणि पावतीवर दुकानदाराच्या सहीनिशी एवढे लिहून घ्यावे: 'केसला पॉलिश करू नये.'